मेलेल्या शिपायांची राखण

टेंभुर्णीत, आणि टेंभुर्णीहून बैलगाडी एका दिवसात जाईल तिथपर्यंत, अशी बोलवा आहे की आमच्या आसराबाईनं सरकारी पलटणीचे चाळीस शिपाई गोफणीनं मारले. जाफराबादच्या बाजारात हा आकडा मी शंभरावर गेलेला ऐकला. सांगणारा मलाच शपथ घेऊन सांगत होता की मेलेल्यांचे साफे तिनं गोधडीत शिवले आणि त्या गोधडीवर तिचा नवरा रायभान रोज निजतो.

मी तिचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि तीही अर्धीच उभी. त्यामुळं रायभान कशावर निजतो हे मला पक्कं ठाऊक आहे. गोधडी जुन्या लुगड्यांची आहे. शिपाई चाळीस नव्हते, दहा-बारा होते. दगड एकालाही लागला नाही. मेले म्हणाल तर मेले, त्यात खोट नाही. पण मेल्यावर त्यांनी भाकरी खाल्ली, वर कांदा मागितला, आणि दिवस मावळायच्या आत आपल्या पायांनी तळावर गेले. असं मरण कुणालाही यावं.

आता हे कसं झालं ते सांगायचं, तर आधी बाई सांगितली पाहिजे.

आसराबाई दिसायला एवढीशी. डोक्यावर पाटी घेतली की लांबून नुसती पाटीच चालत येतेय असं वाटतं. आवाज मात्र असा, की ती नाल्यावर बोलली तर गावातली म्हैस कान टवकारते. घरात बोलायचं काम तिच्याकडं आणि हूं म्हणायचं रायभानकडं, ही वाटणी बहुतेक लग्नाच्या मांडवातच झाली असावी. रायभाननं ती कधी मोडली नाही. तिचा बाप मल्हारी मेंढरांमागं फिरायचा, ही बापामागं फिरायची. माहेराहून तिनं आणलेल्या वस्तूंत एकच धड होती, ती म्हणजे बापानं शेळीच्या केसांची विणून दिलेली गोफण.

गोफणीत दगड घालून मारतात हे सगळ्यांना माहीत. आसराबाई दगड न घालताही मारायची. गरागरा फिरवून एक दोरी सोडायची आणि शेवटाला मनगटाचा असा झटका द्यायची, की दोरीचं टोक बंदुकीच्या बारासारखं कडाडायचं. माझा कोंबडा एकदा तिच्या वाळवणावर चढला होता. तिनं नुसती गोफण वाजवली. तो कोंबडा पुढं मरेपर्यंत आरवायच्या आधी चहूकडं बघून घ्यायचा.

या जोडप्याकडं स्वतःचं म्हणावं असं रान नव्हतं. जो तुकडा होता त्यात धोंडे चांगले यायचे. म्हणून ती रामराव पाटलाच्या मागं लागली होती, की नाल्याकाठचं शेत मला बटईनं द्या. निम्मं पीक तुमचं, निम्मं आमचं. शेत काळंभोर, पण शेजारीच म्हसोबाची टेकडी, टेकडीवर बाभळी, आणि बाभळीवर जगातली सगळी पाखरं. जो करील त्याची निम्मी ज्वारी पाखरंच बटईनं न्यायची. पाटलाच्या दूरच्या नात्यातला भुजंग नावाचा एक गडी त्या शेतावर डोळा ठेवून होता. डोळा ठेवून म्हणजे मिटलेला. तो बसल्या जागी झोपायचा आणि झोपल्या जागी जेवायचा. तरी नातं ते नातं. पाटील दोन दिवस मिशीवरून हात फिरवत बसला आणि मग म्हणाला, एक साल करून बघ. पाखरांपासून, ढोरांपासून राखलं, भरलं पीक खळ्यावर आणलं, तर शेत पुढं तुझ्याकडं. न्हाई तर भुजंग हायेच.

त्या साली शालू, म्हणजे थंडीतली ज्वारी, असा आला की नाल्याच्या बाजूनं उभं राहिलं तर टेकडी दिसायची नाही. आसराबाई माळ्यावर चढली ती जवळजवळ तिथंच राहायला गेली. माळा म्हणजे चार मेढींवर बांधलेलं मचाण. वर बसलं की सगळं रान ताटासारखं दिसतं. रायभान खालून भाकरी द्यायचा आणि हूं म्हणायचा.

असं सगळं ठीक चाललं असताना पौषात तहसिलीतून सांगावा आला, की फौजेची मश्क होणार. म्हणजे लढाईचा सराव. अर्धी पलटण लाल, अर्धी निळी. लाल फौज भोकरदनच्या अंगानं येणार, निळी फौज म्हसोबाच्या टेकडीवर बसणार, आणि लाल फौजेनं टेकडी घ्यायची. दवंडी पिटली गेली की त्या दिवशी ढोरं बांधून ठेवा आणि नाल्याकडच्या शेतांत कुणी पाय ठेवू नका.

चावडीवर त्या संध्याकाळी जी चर्चा झाली तिच्यापुढं खरी लढाई फिकी. एक जण म्हणाला, बंदुकीत गोळी न्हाई, नुसता आवाज, मंग हे खर्चा करून कशापायी करून राह्यले? दुसऱ्याचं म्हणणं पडलं की सरकारला आवाज आवडतो. मी माझं शहाणपण पाजळलं. म्हणालो, तालमीत दोन मित्र एकमेकाला आपटतात, तेव्हा कुणाचं वैर असतं का? जत्रेत आपटी खाऊ नये म्हणून आधी घरच्या मातीत खायची. यावर लोकांनी माना डोलावल्या आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आसराबाई म्हणाली, ते समदं बराबर हाये पुंजारामभाऊ, पर तालीम त्यांची आन् माती माझी, हे कसं?

पाटील तिला समजावायला लागला. पीक तुडवलं गेलं तर सरकार बिलकुल भरपाई देतं, मोजणीला माणूस येतो, काळजीचं कारण नाही. पाटलाचा चेहरा मला फार काळजीतला वाटलाही नाही. आसराबाईनं विचारलं, भरपाई कुणाच्या नावानं येते?

"पट्टा ज्याच्या नावावर त्याच्या," पाटील म्हणाला.

पट्टा अर्थातच पाटलाच्या नावावर. म्हणजे पीक गेलं तर पाटलाला भरपाई, भुजंगाला शेत आणि आसराबाईला तिच्या धोंड्यांचा तुकडा. एवढा हिशोब त्या बाईनं चावडीची पायरी उतरता उतरता केला. रायभान मागून हूं म्हणाला.

मश्कीच्या दिवशी सकाळी बघतो तर भिंतीपलीकडं सामसूम. आसराबाई उजाडायच्या आधीच माळ्यावर गेलेली. रायभान भाकऱ्यांचं फडकं घेऊन दारात उभा, आणि त्याला एकट्याला जायला भ्या वाटत होतं. त्याला घोड्यांचं भारी भ्या. मी म्हणालो, चल, मी येतो. मला घोड्यांचं भ्या नाही, मला फक्त काही बघायचं राहून जाईल याचं भ्या.

माळ्याखाली पोचून मी तिला दवंडीची आठवण करून दिली. वैनी, शेतात पाय ठेवायची मनाई हाये. ती वरून म्हणाली, मनाई पाय ठेवायची हाये ना? मंग माझे पाय बघा कुठं हायेत. पाय खरोखरच शेतापासून पुरुषभर उंच लोंबत होते.

आम्ही परत फिरणार, तेवढ्यात टेकडीवर बिगुल वाजला आणि लढाई सुरू झाली. रायभान ज्वारीच्या धांड्यांत आडवा झाला. मी माळ्यावर चढलो.

वरून जे दिसलं ते असं. टेकडीवर निळे, दगडांआड. पलीकडून लाल फौज नाल्यात उतरलेली. दंडाला लाल चिंध्या, कमरेत वाकून, आवाज न करता येत होती. त्यांच्या मागं घोड्यावर एक उंच कप्तान, दंडाला पांढरी पट्टी. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. तो पंच. कोण मेलं आणि कोण जगलं हे तो ठरवणार, कारण गोळी नसली की मेल्याचं मेलेल्याला कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. नाला खोल आणि शालू उंच, त्यामुळं आम्हाला ते दिसत होते. त्यांना ज्वारीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. आणि त्यांचा रोख सरळ होता. नाला चढायचा, ज्वारीत शिरायचं, ज्वारीच्या आडोशानं थेट टेकडीच्या पायथ्याशी निघायचं. बेत चांगला होता. फक्त तो बेत आसराबाईच्या वर्षभराच्या मेहनतीवरून चालत जात होता.

ती ओठ आवळून गोफण हातात घेऊन बसली. फौजेला गोफण मारायची एवढी काही ती वेडी नव्हती. मी सांगतो ते लक्षात ठेवा, कारण पुढं या एकाच गोष्टीवर फार वाद झाला: तिनं फौजेवर गोफण उचलली नाही. तिनं भोरड्यांवर, पाखरांवर उचलली.

निळ्यांनी टेकडीवरून बार काढले, तशा बाभळीवरच्या सगळ्या भोरड्या एकदम उठल्या. आभाळात काळं फडकं झटकावं तसा तो थवा गरकन वळला आणि पडला कुठं, तर आसराबाईच्या ज्वारीवर, नाल्याच्या बाजूच्या कडेला. भोरड्यांचा थवा कणसावर बसला की घटकेत नुसता धांडा उरतो. आसराबाईला मग फौज दिसेना, पंच दिसेना, सरकार दिसेना. तिनं माळ्यावरून एक कडाका काढला. थवा उठला आणि दुसऱ्या कोपऱ्यावर बसला. ही माळ्यावरून उतरली, बांधानं धावत त्या कोपऱ्यावर, तिथून दोन कडाके. थवा मधल्या ओळींवर. ही मधल्या बांधावर, परत कडाका. बांध हा शेतात धरायचा की नाही यावर आमच्या गावातली निम्मी भांडणं चालतात, म्हणून तिनं दवंडी मोडली की नाही ते मी सांगत नाही.

नाल्यात काय झालं असेल ते तुम्हीच बघा. समोर माणसाच्या वर गेलेली ज्वारी. त्या ज्वारीतून, ऐन नाकासमोरून, बार. इकडून एक, तिकडून दोन, मधून परत एक. लाल फौजेच्या पुढच्या टोळीनं जमिनीला पोट लावलं. त्यांचा सुभेदार मोठ्या मिशांचा होता. तो मागं ओरडला की ज्वारीत दुश्मन दडलाय. घोड्यावरच्या पंचानंही कडाके ऐकले होतेच. त्यानं नियमाला नियम लावला: उघड्या नाल्यात माणसं, समोर दडलेला दुश्मन, अंतर वीतभर. हात वर केला आणि पुढच्या टोळीला सांगितलं, की तुम्ही मेलात.

मेलेल्यांनी साफे काढून मांडीवर घेतले आणि जिथल्या तिथं, नाल्याच्या काठावर, ज्वारीच्या कडेला मांडी घालून बसले. शेवटचा बिगुल होईपर्यंत मेलेल्यानं जागचं हलायचं नाही, असा मश्कीचा कायदा.

उरलेल्या लाल फौजेला घेऊन सुभेदार मागं सरकला. ज्वारीत शिरायची त्याची छाती झाली नाही. एखादा माणूस सरपटत पाठवून आत कोण आहे ते बघावं, हेही त्याला सुचलं नाही. त्यानं लांबचा गाडीरस्ता धरला, टेकडीला वळसा घातला आणि पोचला तोवर निळ्यांचं जेवणसुद्धा उरकलं होतं. असं मी नंतर ऐकलं. मी तेव्हा माळ्यावर होतो आणि खाली बघत होतो, कारण खालचं जास्त गमतीचं होतं.

आसराबाई धावत नाल्याच्या कोपऱ्यावर आली तर समोर बोडक्या डोक्यांची शिपायांची रांग. ती थबकली. हात कमरेवर ठेवून तिनं विचारलं की तुम्ही इथं काय करून राह्यले. शिपाई एकमेकांकडं बघायला लागले. मेलेल्यानं उत्तर द्यावं की नाही, याचा नियम कुणाला आठवेना. त्यांत एक बद्रीनाथ नावाचा आपल्या भोकरदनकडचा पोरगा होता. तो शेवटी म्हणाला, "मावशी, आमी मेलोत."

"कव्हा?"

"आताच. तुमच्याच ज्वारीतून बार झाले न."

आसराबाईनं हातातल्या गोफणीकडं बघितलं, मग शिपायांकडं. समजायला तिला फार वेळ लागला नाही. पण ती हसली नाही, घाबरलीही नाही, कारण तिची नजर वर होती. भोरड्या परत फिरून येत होत्या. शेताला चार बाजू आणि बाई एक. तिनं बद्रीनाथाला विचारलं, मेलेल्यानं हलायचं न्हाई म्हंता, पर ओरडायला चालतं का?

बद्रीनाथानं शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. ओरडू नये असं कुणी सांगितलं नव्हतं.

मग जे झालं तसं मी पुन्हा कधी बघितलं नाही. नाल्याच्या बाजूची राखण सरकारी मयतांनी केली. थवा आला की दहा-बारा मेलेली माणसं बसल्या जागी हात उडवून हाऽऽ हुर्र करायची, साफे फडकवायची. एक तर मेलेला असूनही ढेकळं इतकी नेमकी फेकायचा की जिवंतपणी तो काय असेल याचा मी विचार करत बसलो. आसराबाई उरलेल्या तीन बाजू सांभाळायची आणि जाता-येता त्यांना बोलायची, की अरे जरा मोठ्यानं, मेलास म्हणून काय झालं. दुपारी तिनं रायभानला धांड्यांतून उठवून त्याच्या नि माझ्या वाट्याच्या भाकऱ्या चतकोर-चतकोर करून मेलेल्यांना वाटल्या. कांदा मागणारा तो ढेकळंवाला. आम्ही दोघं जिवंत होतो, म्हणून उपाशी राहिलो.

शेवटचा बिगुल झाला आणि सगळी बडी माणसं नाल्यावर जमली. निळ्या फौजेचा जमादार सगळ्यांच्या पुढं, छाती काढून. ज्वारीत माणसं दडवायची युक्ती आपलीच, असं तो वाटेत सांगत आला होता आणि शाबासकीही घेऊन बसला होता. कप्तान म्हणाला, छान, मग त्या माणसांना बाहेर बोलाव. जमादारानं एकदा ज्वारीकडं, एकदा आभाळाकडं बघितलं. ज्वारीतून आसराबाई बाहेर आली, खांद्यावर गोफण.

कप्तानानं तिला ती वाजवायला लावली. तिनं वाजवली. त्याचा घोडा दोन पावलं मागं गेला आणि रायभान तर थेट माझ्या मागं आला.

सुभेदाराच्या मिशा थरथरायला लागल्या. त्यानं सांगितलं की हे सगळं रद्द. दवंडी झालेली असताना बाई रानात आलीच कशी? दुश्मन नव्हताच, तर आपली माणसं मेलीच नाहीत. उद्या सकाळी हीच लढाई परत घ्यायची, आणि या खेपेला सगळी पलटण सरळ ज्वारीतून जाईल. रामराव पाटील तिथं हजर होताच. हात जोडून म्हणाला, हुजूर, बिलकुल जा, आमची काहीच ना न्हाई. मी भुजंगाकडं बघितलं. तो बाभळीखाली उभा होता आणि चक्क जागा होता.

आसराबाईचा रंग उतरलेला मी त्या दिवशी एकदाच बघितला, तो तेव्हा. सकाळपासून धावून तिचे पाय रक्ताळले होते. एका रात्रीनं सगळं वाया जाणार होतं. कप्तान काही ठरवत नव्हता. घोड्यावर दाढी खाजवत बसला होता. त्यानं तिला दखनीत विचारलं, की बाई, तू किसके तरफ से थी, लाल के या नीले के?

"मी ज्वारीच्या तरफेनं," ती म्हणाली. मग तिनं घसा साफ केला आणि सरळ त्याच्याशीच बोलली. "साहेब, गोफणीचा दगड चुकला तर मी पाखराला म्हणत न्हाई, की मागं ये, परत तिथंच बस, मी आता नीट मारते. चुकला तो चुकला. उद्या तुमी परत खेळणार, आन् हे मेलेले परत जित्ते होणार. मंग आज मेले कशापायी?"

बद्रीनाथानं हे दखनीत करून सांगितलं, जरा भीतभीतच. कप्तान हसला. खूप हसला, पार घोड्याच्या मानेवर डोकं टेकून. आणि मग सुभेदाराला जे म्हणाला ते मी आजही बराबर सांगू शकतो, कारण चावडीवरच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. "बाई सच बोलती. असली जंग में दवंडी पिटके कोई औरतों को खेत से नहीं निकालता. तुम आवाज सुने, देखने को एक आदमी नहीं भेजे. वो गलती इधर होना अच्छा. इधर मरे सो रात को रोटी खाते और सोचते, कैसे मरे. उधर सोचने को कोई नहीं बचता."

निकाल कायम राहिला. लाल फौज हरली, लढाई परत झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तळ उठला. जाताना पलटण गाडीरस्त्यानं गेली, पार लांबून, आणि ज्वारीच्या बाजूचे शिपाई तर मला वाटतं अंग चोरून चालत होते.

बद्रीनाथ पुढं खऱ्या लढाईत गेला, समुद्रापार कुठंतरी, आणि परत आला. आला तेव्हा आसराबाईला भेटायला टेंभुर्णीला आला होता. अर्ध्या भिंतीवरून मी सगळं ऐकलं. तिकडं उसाएवढ्या गवतातून जायचं असलं की त्याच्या टोळीतले लोक आधी सरळ आत घुसायला बघायचे, आणि हा त्यांना थांबवून एक माणूस सरपटत पुढं पाठवायचा. लोक त्याला भित्रा म्हणायचे. त्यानं त्यांना सांगितलं होतं म्हणे, की मी एकदा मेलेलो हाये, मला यातलं कळतं. आसराबाईनं त्याला विचारलं की तिकडच्या गवतात कधी बाई निघाली का. तो म्हणाला, न्हाई मावशी, तिकडं बाई न्हाई निघाली. ती उठली. आत जाऊन भाकरी टाकली, आणि या खेपेला पुरती.

पण मी पुढं पळालो. खळ्याचं सांगायचं राहिलंच.

माघ सरता सरता नाल्याकाठच्या शेताचं खळं झालं. त्या शेतातून इतकी ज्वारी निघालेली गावात कुणाच्या आठवणीत नव्हती. निम्मी पाटलाच्या गाडीत भरून झाली. ती भरताना पाटील खूश दिसायला हवा होता, पण माणसाचा स्वभाव. ज्या भरपाईवर त्यानं मनातल्या मनात तट्टू घेऊन ठेवलं होतं, ती आली नव्हती. शिवाय भुजंग आणि भुजंगाची आई झुंबरबाई महिनाभर त्याच्या ओसरीवर येऊन बसत होती. झुंबरबाईच्या ओसरीवर बसण्यापुढं पलटणीचा वेढा काहीच नाही.

तेव्हा पाटलानं एक मुद्दा काढला. खळ्यावर आम्ही दहा-पाच जण उभे असताना तो खाकरला आणि म्हणाला, की आसराबाई, बोली काय झाली होती? तू राखलं तर शेत तुझ्याकडं. पर नाल्याच्या बाजूची राखण तर सरकारी शिपायांनी केली, समद्या गावाला ठाऊक हाये. मंग तू राखलं असं कसं म्हणायचं? भुजंग मान हलवायला लागला. मी तर मान खाली घातली, कारण मेलेल्यांनी राखण केली ही गोष्ट गावभर कुणी पसरवली, हे अर्ध्या भिंतीपलीकडं माहीत होतं.

रायभाननं आयुष्यात पहिल्यांदा हूं म्हटलं नाही. तो बायकोकडं बघत राहिला. आसराबाई सूप झटकत होती. झटकून झालं, सूप खाली ठेवलं, पदर खोचला. आधी भुजंगाकडं एकदा नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग पाटलाकडं.

पुढं शेत कुणाकडं राहिलं, हे विचारायचं असेल तर पौषात कधीही नाल्याकडं जा आणि कडाका ऐकून खाली बसा. पाटलानं त्या दिवशी मिशीवरून हात फिरवला, गाडीवाल्याला गाडी हाक म्हणाला आणि परत त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. आम्ही बाकीचे हसू दाबत कडबा रचायला वळलो. कारण आसराबाई एवढंच बोलली होती:

"म्या मेलेल्या माणसांकडून राखण करून घेतली, पाटील. तुमी या जित्त्या भुजंगाकडून करून घेऊन दाखवा."